मदत हवी आहे: महिला मंडळात बायबलमधली अबीगईल सांगू की एस्तेर?

पुढच्या रविवारी उपासनेनंतर महिला मंडळात मला वचन सांगायचंय. विषय ठरलेला: देवावर भरवसा आणि शहाणपणाचं बोलणं. वेळ २० मिनिटं. सासू-सुना एकाच सतरंजीवर, बऱ्याच जणींना वाचता येत नाही, म्हणून गोष्टच हवी.

याकोब ३ (जिभेवर ताबा) आणि नीतिसूत्रे १५:१ (मृदू उत्तराने राग शांत होतो) घेऊन झालंय. दर वेळी अर्थ एकच निघतो, सुनेनं गप्प बसावं. (सासवांचं 'आमेन' तेव्हा जोरात येतं.)

आता १ शमुवेल २५ डोक्यात आहे. नवरा नाबाल दाविदाचा अपमान करतो, दावीद चिडून त्यांच्या घरावर चालून येतो, तेव्हा अबीगईल नाबालाला न सांगता २०० भाकरी, पाच मेंढरांचं मांस गाढवांवर लादून दाविदाला गाठते. घरी येते तर नवरा झिंगलेला. तेव्हा अवाक्षर नाही, सगळं सकाळी सांगते. पण 'नवऱ्याला न सांगता' इथेच चर्चा अडकेल, आणि तिचा भरवसा दिसतो तो दाविदापुढच्या लांबलचक बोलण्यात. एस्तेर राणी आपल्या लोकांचा जीव वाचवायला राजापुढे जाते, त्यात आधी तीन दिवसांचा उपास, मग बोलणं, हे सोपं पडतं. गोष्ट मात्र २० मिनिटांत मावत नाही. हन्नाची गोष्ट नुकतीच झाली, ती नको.

तुम्ही कोणती घ्याल? आणि सुनाही तोंड उघडतील असा पहिला प्रश्न कोणता विचाराल?