मिठाचे स्फटिक होईनात, हळद सोड्यानं लाल होईना – काय चुकतंय?

शहापूर_पालक:
दुसरीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा, दोघांसोबत रविवारी स्वयंपाकघरातच प्रयोग करतोय. दोन ठिकाणी अडलंय. गरम पाण्यात मीठ विरघळवून दोरा सोडला, आठ दिवस झाले, दोऱ्यावर काहीच धरलं नाही. हळदीच्या कागदावर खायच्या सोड्याचं पाणी टाकलं तर लालभडक व्हायच्या जागी जेमतेम नारिंगी होतंय. बेळगावात पाऊस लागून राहिलाय, त्याचा काही संबंध? पाणी बोअरचं आहे. शिवाय बाटलीवरचा फुगा फुगवायला सोडा आणि व्हिनेगर नेमकं किती घ्यायचं?

खानापूर_प्रयोगवही:
मिठाच्या बाबतीत पावसाचाच दोष. 100 मिलि पाण्यात खोलीच्या तापमानाला 36 ग्रॅम मीठ विरघळतं, उकळत्या पाण्यात 39. फरक एवढासाच, त्यामुळं पाणी निवलं तरी मीठ फारसं बाहेर पडत नाही. ते बाहेर येतं पाणी उडून गेल्यावरच. जुलैत आपल्याकडं दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस दमट राहतात, मग वाटीतलं पाणी कुठून उडणार? मीठ मार्च-एप्रिलसाठी ठेवा. आता तुरटी घ्या.

तुरटीचं गणित वेगळं. 100 मिलि पाण्यात 20 अंशाला ती सुमारे 14 ग्रॅम विरघळते, 50 अंशाला सुमारे 37. नुसतं पाणी निवलं की जादा तुरटी बाहेर पडते, हवा कितीही दमट असो. किराणा दुकानात दाढीनंतर लावायची काचेसारखी पारदर्शक तुरटी मागा. पाणी निवळायला मिळणारा पांढुरका, अपारदर्शक खडा बऱ्याचदा वेगळ्या जातीचा असतो, त्याचे नीट स्फटिक होत नाहीत.

30 ग्रॅम तुरटी खलबत्त्यात कुटा, स्टीलच्या भांड्यात 100 मिलि गरम पाण्यात ढवळा, जाड सुती कापडातून गाळा, वर कापड बांधून न हलवता ठेवा. सकाळी तळाला बारीक खडे दिसतील. त्यातला सर्वांत सरळ कडांचा एक निवडून बारीक नायलॉनच्या दोऱ्याला बांधा आणि त्याच निवलेल्या पाण्यात, भांड्याच्या तळाला टेकणार नाही असा टांगा. इथंच बहुतेकांचं बिघडतं: गरम पाण्यात टांगला की खडा विरघळून जातो आणि नुसता दोरा उरतो. पाण्यात टांगलेला खडा पुढं दिवसेंदिवस हळूहळू वाढतो, तेव्हा घाई नको.

बोअरचं पाणी इथं नको. त्यातल्या क्षारांशी तुरटीची क्रिया होऊन पांढरा गाळ धरतो. फिल्टरचं घ्या. ॲल्युमिनियमचं भांडंही नको.

निपाणी_मास्तर:
हळदीचं सांगतो. तुमचा कागद बरोबर आहे, खायचा सोडाच सौम्य पडतोय. पीएच म्हणजे आम्ल-अल्कली मोजायचं माप, 7 च्या वर अल्कली. हळद साधारण 7.4 ते 8.6 पीएचच्या दरम्यान पिवळ्याची लाल होते. खायच्या सोड्याच्या पाण्याचा पीएच 8.3 च्या आसपास, म्हणजे बरोबर मधल्या पट्ट्यात. म्हणून नारिंगी.

आता तोच सोडा भाजून बघा, मुलांना हा प्रयोग फार आवडतो. स्टीलच्या जाड कढईत 10 ग्रॅम खायचा सोडा मध्यम आचेवर 15-20 मिनिटं सतत हलवत भाजायचा. सुरुवातीला पूड पाण्यासारखी खदखदते, कारण आतून कार्बन डायऑक्साइड आणि वाफ निघते. वर थंड झाकण धरलं तर त्याला पाण्याचे थेंब धरतात. खदखद थांबली की झालं. निवल्यावर तोला, 6.3 ग्रॅमच्या आसपास भरेल. उरलेला तो धुण्याचा सोडा. त्याचं चिमूटभर पाण्यात विरघळवून हळदीवर टाका: कुंकवासारखा लाल! कुंकूही हळदीला चुना लावूनच करतात, हे त्याच वेळी सांगा. वर लिंबू पिळलं की परत पिवळं.

भाजणं मोठ्यांनीच करायचं, आणि नंतर हा सोडा परत डब्यात भरायचा नाही. डोळ्यांत जाऊ देऊ नका.

कागदाला रंग चढवायलाही एक सुधारणा: हळद पाण्यात नीट उतरत नाही. अर्धा चमचा हळद दोन चमचे सॅनिटायझरमध्ये घोळून टीपकागद बुडवा, वाळवा. शेगडीपासून लांब, ते पेट घेतं. कागदाला चिठ्ठी दोन्ही भाषांत लावा, हळद-अरिशिण, चुना-सुण्णा. कन्नड शाळेतल्या मैत्रिणी आल्या तर त्यांनाही वाचता येईल.

चिकोडी_अक्का:
फुग्यासाठी 90 मिलि व्हिनेगर, 5 ग्रॅम सोडा, अर्धा लिटरची बाटली. फुगा आधी दोनदा फुगवून सैल करा. सोडा फुग्यात नरसाळ्यानं भरा, फुगा बाटलीच्या तोंडाला बसवल्यावरच उभा करा. सगळं बसलं तर लिटरभर वायू मिळतो. फुगा निम्माच फुगला तर आधी बाटलीच्या तोंडाशी गळतंय का बघा, मग डबा वाचा: बेकिंग पावडर असेल तर तीत आम्ल आणि पीठ आधीच मिसळलेलं असतं, वायू कमी निघतो. लिंबू वापरायचं असेल तर दोन-तीन लिंबांचा रस लागेल.

आणि पुढच्या रविवारी पाणी उकळताना तापमान मोजाल तर काटा 100 वर जाणार नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंच आहे, पाणी 97-98 अंशांलाच उकळतं. प्रयोगशाळेतला 110 अंशांपर्यंतचाच तापमापक वापरा. तापाचा थर्मामीटर अजिबात नको, फुटतो.

शहापूर_पालक:
तुरटी आजच आणतो. भाजलेला सोडा उरला तर किती दिवस टिकतो?

निपाणी_मास्तर:
घट्ट झाकणाच्या बाटलीत महिनोन्‌महिने. उघडा ठेवलात तर या हवेत ओल धरून गोळा होतो. बाटलीवर 'खायचा नाही' असं ठळक लिहा.