कुलगुरू नव्हे, निवडून आलेला अध्यक्ष

कोणीतरी म्हटलंय की फ्रान्सचे ज्याँ-क्लोद कोलियार 'मित्तराँचा माणूस' म्हणून पॅरिसच्या पारी-१ विद्यापीठाचे प्रमुख झाले. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फ्राँस्वा मित्तराँ यांच्या कचेरीचे ते १९८२ ते १९८८ संचालक होते आणि १९९८ मध्ये संविधान परिषदेवर (कायदे घटनेला धरून आहेत का हे तपासणारी संस्था) त्यांना नेमलं ते संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या अध्यक्षांनी, इथवर राजकारण आहेच. पण परिषदेची मुदत नऊ वर्षांची आणि पुन्हा न मिळणारी, त्यामुळे २००७ मध्ये ते मोकळे झाले. २००९ ला विद्यापीठाचं अध्यक्षपद मिळालं तेव्हा सरकार विरोधी, उजव्या पक्षाचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी यांचं होतं. शिवाय हे पद आपल्याकडच्या कुलगुरूंसारखं वरून दिलं जात नाही.

२००७ च्या कायद्याने विद्यापीठाच्या प्रशासन परिषदेचे निवडून आलेले सदस्यच अध्यक्ष ठरवत. मुदत चार वर्षं. खरी गोम होती या परिषदेसाठीच्या शिक्षकांच्या मतदानात. प्राध्यापकांचा गट वेगळा, इतर अध्यापकांचा वेगळा. सर्वाधिक मतं मिळवलेल्या उमेदवार-यादीला निम्म्या जागा (अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक) थेट मिळत, उरलेल्या मतांच्या प्रमाणानुसार. म्हणजे सात जागा असतील तर चार आधीच खिशात. दोन गटांत परस्परविरोधी याद्या जिंकल्या की घोडं अडायचं, आणि विद्यार्थी-कर्मचारी प्रतिनिधींची मतं निर्णायक ठरायची. निवडणूक पद्धती हा तर कोलियार यांच्या अभ्यासाचाच विषय!