सणाची सुट्टी ११ दिवस, हाफ मॅरेथॉन ७ आठवड्यांवर. काय ठेवू, काय सोडू?

पहाटपळ
सध्या आठवड्याला ४२ किमी होतात. रविवारी १६ चा लाँग रन, बुधवारी ८ (त्यातले ४ टेम्पो, म्हणजे जोरात पण टिकवता येईल अशा वेगाने, किमीला ५:४० मिनिटांच्या पेसने) आणि तीन दिवस ६-६ किमी निवांत, ६:३० ने. आता ११ दिवस नातेवाइकांकडे मुक्काम आहे. रोज फार तर पाऊण तास मिळेल, जागरणं आणि जड जेवणं ठरलेलीच. पाचही दिवस टिकवून सगळे रन छोटे आणि हळू करावेत का?

स्टॉपवॉच
उलट करा. दिवस कमी करा, अंतर कमी करा, पण वेगाला हात लावू नका. रॉबर्ट हिक्सन यांचे १९८० च्या दशकातले प्रयोग याच प्रश्नावर होते. आठवड्याचे ६ दिवस २ वर आणले तरी १५ आठवडे व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते माप) टिकला. रोजची ४० मिनिटं १३ वर आणली तरी टिकला. तीव्रता कमी केली तेव्हा मात्र घसरला. एक मेख आहे: १३ मिनिटांवाल्या गटाचा लांब पल्ल्याचा दम कमी झाला होता. म्हणून एक बऱ्यापैकी लांब रन हवाच.

तुमच्यासाठी असं मांडता येईल. निघण्याच्या दोन दिवस आधी १६ किमी उरकून घ्या. पहिला दिवस प्रवासाचा, धावणं नाही. दुसऱ्या दिवशी २५ मिनिटं निवांत आणि शेवटी २० सेकंदांच्या ४ स्ट्राइड्स (हळूहळू वेग वाढवत मारलेल्या छोट्या धावा). चौथ्या दिवशी १० मिनिटं वॉर्मअप, मग १ मिनिट जोरात आणि १ मिनिट हळू असं ८ वेळा, नंतर ५ मिनिटं कूलडाउन. ३१ मिनिटांत काम झालं. सातव्या दिवशी ६० मिनिटं, आणि तेवढ्या एका दिवसापुरता घरच्यांकडून वेळ मागून घ्या. नवव्या दिवशी ८-८ मिनिटांचे दोन टेम्पो, मध्ये ३ मिनिटं जॉग. तुमच्या योजनेत दर चौथा आठवडा हलका असेल तर तो इथेच आणून ठेवा, म्हणजे काही बुडालं असं होतच नाही.

पोटरीपुराण
वेळापत्रक ठीक आहे, पण इंटरव्हल (चौथ्या दिवसाचं जोरात-हळू) अनोळखी रस्त्यावर पहिल्यांदाच करताना सांभाळा. रस्ता कडेला उतरता असेल तर जाता-येता दोन्ही वेळा आपल्या डावीकडूनच धावू नका. जाताना एक कड, येताना तीच कड, म्हणजे उतार दोन्ही पायांना वाटून मिळतो. नाहीतर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागतं. तासन् तास बसून प्रवास झाल्यावर पोटऱ्या आखडलेल्या असतात, म्हणून आधी १० मिनिटं चालणं. उरलेल्या दिवशी पायरीच्या कडेवर एका पायाने टाच वर-खाली, १५ चे ३ सेट, खाली येताना मोजून ३ सेकंद. जागा, बूट, कपडे काही लागत नाही.

जिने चढण्याचा पर्यायही आहे. मात्र जोर फक्त चढताना लावा, उतरताना चाला. सवय नसताना पळत उतरलात तर मांड्या दोन दिवस धरून बसतात.

संथगती
वेळ पहाटेचीच धरा. संध्याकाळवर ढकललेला रन सणात होत नाही, आणि जड जेवणानंतर २-३ तास तरी जोरात धावता येत नाही. झोप ५ तासांपेक्षा कमी झाली असेल तर त्या दिवशीचा इंटरव्हल उद्यावर टाका आणि २० मिनिटं निवांत धावा. नुसतं नाक वाहत असेल तर हळू धावायला हरकत नाही. ताप किंवा छातीत कफ असेल तर पूर्ण विश्रांती. दोन दिवसांत काट्यावर दीड किलो वाढलं म्हणून घाबरून जास्त धावू नका. साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (शरीरातला साखरेचा साठा) सुमारे ३ ग्रॅम पाणी येतं, शिवाय मीठ असतंच. ती चरबी नव्हे.

पहाटपळ
६० मिनिटं सलग नाहीच जमली तर सकाळी ३५ आणि संध्याकाळी २५ चालेल? आणि परत आल्यावर बुडालेले किलोमीटर कसे भरून काढू?

स्टॉपवॉच
एकदा चालेल. दमाचं काम होतं, पण थकलेल्या पायांवर धावायचा सराव होत नाही, म्हणून पुढचा लाँग रन तोडू नका.

भरून काढायचे नाहीत. परतल्यावर पहिला आठवडा ३२ ते ३४ किमी, लाँग रन १३ चा, टेम्पो ४ ऐवजी ३ किमी. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा ४२. चुकलेला १६ त्याच आठवड्यात घुसवायला गेलं की नडगी किंवा पोटरी बोलते, कारण दम पायांच्या आधी परत येतो. धावणं फारच कमी झालं असेल तर त्याच पेसला नाडी ५-१० ठोक्यांनी जास्त दिसेल. रक्तातलं द्रव थोडं घटलेलं असतं, ते लवकर भरतं. तोवर घड्याळाकडे बघू नका, बोलता येईल इतक्याच वेगाने धावा.

पोटरीपुराण
आणि बूट हातातल्या सामानात ठेवा. कपडे उसने मिळतात, बूट मिळत नाहीत.