कोलॅबमध्ये लोणारचा सॅटेलाइट लेयर काल दिसत होता, आज गायब (एरर पण नाही)

अर्धवट_प्रोजेक्ट:
मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय. एमएस्सीचं प्रोजेक्ट आहे, जून २०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं होतं ना, तेव्हाचा आणि नंतरचा सेंटिनेल-२ या उपग्रहांचा फोटो शेजारी शेजारी दाखवायचाय, कोलॅबमध्ये (गुगलची ब्राउझरमध्ये पायथन चालवायची नोटबुक) अर्थ इंजिन (गुगलचा उपग्रह-फोटोंचा साठा) आणि फोलियम (नकाशे काढायची पायथन लायब्ररी) वापरून. काल रात्री दीडला झकास दिसलं आणि मी स्क्रीनशॉट न काढता झोपलो. सकाळी तीच नोटबुक उघडली तर मॅप आहे, झूमची बटणं आहेत, मार्कर जागेवर आहे, पण लेयर नाही. एरर कुठेच नाही, ट्राय-एक्सेप्ट (एरर पकडायचा पायथन कोड) लावलं तर तेही गप्प. मग निदान बेसमॅप (मागचा मूळ नकाशा) तरी असावा म्हणून ईएसआरआय या नकाशा-कंपनीच्या वर्ल्ड इमेजरीची यूआरएल हाताने टाकली, तर लोणारच्या जागी भलतंच निळं काहीतरी येतंय. नेट बदलून झालं, हॉटस्पॉटवर पण तेच. गुरुवारी गाइडना दाखवायचंय, प्लीज कोणीतरी बघा.

टाइलवाला:
ट्राय-एक्सेप्ट गप्पच बसणार रे, टाइल (नकाशाचे चौकोनी तुकडे) पायथन आणतच नाही. पायथन फक्त यूआरएलचा साचा पानात लिहून मोकळं होतं, २५६ बाय २५६ पिक्सेलचे तुकडे आणायला धावतो तो तुझा ब्राउझर, त्यामुळे बोंब पण तिथेच ऐकू येणार. एफ१२ दाब, नेटवर्क टॅब उघड, मॅप थोडा सरकव आणि काय दिसतंय ते इथे टाक.

अर्धवट_प्रोजेक्ट:
अर्थ इंजिनच्या सगळ्या ओळी लाल. ईएसआरआयच्या मात्र २०० (म्हणजे टाइल मिळाली), यूआरएलच्या शेवटी १२/२९१८/१८१५ असं काहीतरी आहे.

टाइलवाला:
मग दोन वेगळी दुखणी आहेत. अर्थ इंजिनकडून मिळणारी टाइलची यूआरएल तात्पुरती असते, काही तासांनी मरते. तू सकाळी बघितलास तो सेव्ह झालेला जुना आउटपुट, त्यात कालचीच यूआरएल. लॉगिन, इनिशियलाइज (प्रोजेक्ट आयडी देऊन) आणि गेट-मॅप-आयडीवाली (नवी यूआरएल मागणारी) सेल, सगळं परत चालव. नुसती मॅपची सेल चालवून भागणार नाही.
ईएसआरआयचं म्हणशील तर तू ओपनस्ट्रीटमॅपची (ओएसएम, लोकांनी बनवलेला मोफत नकाशा) सवय तिथे लावलीस. ओएसएमचा टाइल-क्रमांकांचा क्रम झूम, एक्स (पूर्व-पश्चिम), वाय (उत्तर-दक्षिण). ईएसआरआयचा झूम, वाय, एक्स. लोणार झूम १२ ला एक्स २९१८, वाय १८१५ मध्ये येतं, ते उलटं वाचलं की तू थेट ६० अंश दक्षिणेला, अंटार्क्टिकाच्या वाटेवरच्या समुद्रात. सर्व्हरने बिचाऱ्याने मागितलेली टाइल इमानदारीत दिली, म्हणून २००.

उलटा_अक्षांश:
हसू नका, मी एकदा फोलियमला लोणारचा रेखांश ७६.५ आधी दिला होता आणि अर्धा तास नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांजवळच्या समुद्रात लोणार शोधत होतो. अर्थ इंजिनला रेखांश आधी लागतो, फोलियमला अक्षांश. एकाच नोटबुकमध्ये दोन्ही, म्हणजे कहरच आहे.

सर्व्हर_काका:
विषय निघालाच आहे तर, ऑफिसच्या सर्व्हरवर ज्युपिटर (कोलॅबसारखीच नोटबुक) चालवणाऱ्यांनी अजून एक बघा. स्वतःची जिओटिफ (जागेची माहिती असलेली फोटो-फाइल) लोकल टाइल सर्व्हरने दाखवायला गेलात की यूआरएल लोकलहोस्टची बनते, आणि ब्राउझरसाठी लोकलहोस्ट म्हणजे तुमचा लॅपटॉप, सर्व्हर नव्हे. मी दोन दिवस फायरवॉलवाल्यांशी भांडलो, त्यांचा काही संबंधच नव्हता. ज्युपिटर सर्व्हर प्रॉक्सी (टाइलच्या मागण्या ज्युपिटरमार्फतच सर्व्हरकडे नेणारं एक्स्टेन्शन) टाकून यूआरएलला त्याचा प्रिफिक्स दिला आणि झालं. आणि पान एचटीटीपीएस, टाइल साधी एचटीटीपी असेल तरी ब्राउझर अडवू शकतो.

अर्धवट_प्रोजेक्ट:
टाइलवाला दादा, पाय कुठे आहेत तुमचे! ईएसआरआय चाललं, गोल विवर एकदम स्पष्ट दिसतंय. अर्थ इंजिनचा लेयर पण आला पण पूर्ण काळा 😭

टाइलवाला:
मिन-मॅक्स (कुठला आकडा काळा आणि कुठला सर्वात उजळ) दिलं नसशील. सेंटिनेलच्या बँडचे (एकेका रंगाच्या थराचे) आकडे १०,००० ने गुणलेले असतात आणि तू काही सांगितलं नाहीस तर तो शून्य ते ६५,५३५ धरतो, मग काळंच दिसणार. मिन ०, मॅक्स ३००० दे, बँड बी४, बी३, बी२ (लाल, हिरवा, निळा).

अर्धवट_प्रोजेक्ट:
आलं!! आता जूनच्या तारखा चाळतोय, दर पाच दिवसांनी एक फोटो आणि त्यातल्या बऱ्याच फोटोंत ढगच ढग. या वेळी स्क्रीनशॉट आधी काढलाय.