मदत हवी आहे: उकाड्यात घरच्या वाइन टेस्टिंगला रेड किती थंड ओतावी?

शनिवारी संध्याकाळी पुण्यात घरी 8 जणांचं टेस्टिंग आहे. वाइन 4, सगळ्या नाशिककडच्या. क्रम असा: आधी दोन व्हाइट, सॉव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ (किंचित गोड, म्हणून नंतर); मग दोन रेड, साधी शिराझ आणि शेवटी ओकच्या पिंपात मुरवलेली कॅबर्नेट. प्रत्येकी 50 मिली, म्हणजे एकेक बाटली पुरते. परवाने काढलेत, ग्लास 16 आहेत, मध्ये विसळून घेऊ.

व्हाइटची चिंता नाही. बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं घातलेल्या बादलीत त्या थंड राहतात (नुसता बर्फ नको, बाटलीला नीट टेकत नाही). अडचण रेडची. हॉलमध्ये एसी नाही, तापमान 31–32 अंश. तशीच ओतली तर अल्कोहोलचाच भपका येतो. फ्रीजमध्ये ठेवून 17 अंशांवर ओतून पाहिली, पण 50 मिली इतकी थोडी वाइन दहा मिनिटांत कोमट होते. 12 वर ओतली तर कॅबर्नेट तुरट लागते, वास दबतो. कॅबर्नेट हवा लागून खुलावी म्हणून अर्धा तास जगमध्ये मोकळी ठेवायची आहे, तिथेही ती तापणारच.

मग 14 अंशांवर ओतावी, की 25-25 मिली दोनदा? आणि जग बर्फाच्या पाण्यात ठेवला तर चालेल का?