संगणकशास्त्राच्या प्राध्यापकाचे वर्ष: अध्यापन आणि संशोधन यांचा मेळ प्रत्यक्षात कसा बसतो?

प्रश्न (पुणेकर_अभियंता):

नमस्कार. मी ११ वर्षे सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी करतो आहे. एम. टेक. झालेले आहे आणि आता अभियांत्रिकी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक म्हणून रुजू होण्याचा गंभीरपणे विचार करतो आहे. पगार कमी होईल, याची घरच्यांना आणि मला पूर्ण कल्पना आहे. शिकवण्याची आवड आहेच, परंतु पीएच. डी. करून मराठीच्या संगणकीय प्रक्रियेवर काही मूलभूत काम करावे, ही इच्छा त्याहून जुनी आहे. जून ते मे या वर्षात प्राध्यापकाचा वेळ नेमका कुठे जातो आणि संशोधनाला त्यातून काय उरते, हे या व्यवसायातील जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ (विभागातील_मॅडम):

मी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयात संगणक विभागात १७ वर्षे शिकवते आहे, त्यामुळे माझे उत्तर अशा महाविद्यालयांपुरते समजावे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि प्राध्यापकाला १४ तास प्रत्यक्ष अध्यापन सांगितले आहे. वेळापत्रकात हे तास सोपे दिसतात. मात्र प्रॅक्टिकलच्या तीन-चार बॅचेस, त्यांच्या जर्नलची तपासणी, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे गट, सबमिशन, तोंडी परीक्षेसाठी दुसऱ्या महाविद्यालयात एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) म्हणून जाणे आणि सत्र संपले की कॅपला, म्हणजे विद्यापीठाच्या सामूहिक तपासणी केंद्रात, बसून उत्तरपत्रिका तपासणे, या सगळ्यातून सलग अर्धा दिवस हाती लागणे कठीण असते. ज्या वर्षी नॅक किंवा एनबीए या मूल्यांकन करणाऱ्या संस्थांची समिती येणार असते, त्या वर्षी प्रत्येक विषयाच्या सीओ-पीओच्या (विषयाची फलिते पदवीच्या फलितांशी जुळवून दाखवणाऱ्या) तक्त्यांतच कित्येक संध्याकाळी जातात. तरीही संशोधन होते, आणि माझ्या बाबतीत ते वर्गातूनच सुरू झाले.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला मी शब्द उलटा छापण्याचा नेहमीचा प्रोग्राम दिला होता. एका विद्यार्थिनीने इंग्रजी शब्दाऐवजी ‘क्षितिज’ हा शब्द दिला. सी भाषेतील प्रोग्रामने त्याची लांबी २१ सांगितली आणि उलटा शब्द म्हणून पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हे उमटवली. तिने तोच प्रोग्राम पायथॉनमध्ये लिहिला, तेव्हा लांबी ७ आली आणि शब्द आला ‘जितिष्क’. मराठी वाचणाऱ्याला तर तिथे क्षि, ति आणि ज अशी तीनच अक्षरे दिसतात आणि उलट क्रम हवा ‘जतिक्षि’. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते आणि सी बाइट मोजते, म्हणून २१; पायथॉन चिन्हे मोजते आणि क, ष, दोन वेलांट्या, त आणि ज यांच्या जोडीला क चा पाय मोडणारा हलन्त हेही वेगळे चिन्ह धरले जाते, म्हणून ७. हे मी फळ्यावर समजावून सांगितले, पण ‘मग संगणकाला अक्षर म्हणजे काय हे सांगायचे तरी कसे?’ या तिच्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्या दिवशी माझ्याजवळ नव्हते. (देवनागरीतील जोडाक्षर एकसंध मानण्याचा नियम युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या संगणकीय मानकाच्या १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला.) त्या प्रश्नातून आधी एक प्रोजेक्ट उभा राहिला आणि नंतर माझ्या पीएच. डी.चे एक प्रकरण. रिकाम्या वेळेची वाट पाहिली असती, तर यातले काहीच झाले नसते, असे मी आपल्याला मनापासून सांगते.

उत्तर २ (परिषदेचा_वारकरी):

मॅडमनी लिहिलेले पटते. मी केंद्रीय अर्थसाहाय्यावर चालणाऱ्या संस्थेत आहे. इथे एका सत्रात बहुधा एक किंवा दोन विषय शिकवायचे असतात, त्यामुळे आमचे वर्ष वेगळ्या गोष्टींनी बांधलेले असते. आमच्या विषयात नियतकालिकांपेक्षा परिषदांतील निबंधांना अधिक मान आहे आणि परिषदांच्या मुदती कोणाच्या सत्रासाठी थांबत नाहीत. आयसीएमएल आणि न्यूरिप्स या मशीन लर्निंगच्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय परिषदा घ्या: आयसीएमएलची मुदत जानेवारीच्या अखेरीस, म्हणजे नवे सत्र नुकते सुरू होत असताना, आणि न्यूरिप्सची मे महिन्यात, म्हणजे परीक्षा आणि निकालांच्या धांदलीत येते. न्यूरिप्सचा निर्णय सप्टेंबरच्या सुमारास कळतो आणि परिषद डिसेंबरमध्ये भरते. त्यामुळे मे महिन्यात पाठवलेल्या कामाचे फळ चार-एक महिन्यांनी समजते आणि नकार आला, तर पुढच्या मुदतीसाठी पुन्हा मांडणी करावी लागते. स्वतःचे लेखन सुरू असताना इतरांचे निबंध तपासण्याचे कामही येते, आणि ते टाळू नये असे माझे ठाम मत आहे.

प्रश्नकर्त्यांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. २०१८ च्या त्याच नियमावलीत अभियांत्रिकीसाठी नियतकालिकातील निबंधाला पदोन्नतीच्या हिशेबात मूळ ८ गुण आहेत आणि परिषदेतील निबंध व्याख्यानांच्या रकान्यात बसवलेले आहेत. विषयाची रीत एक आणि पदोन्नतीचा हिशेब दुसरा, ही विसंगती मला अन्यायाची वाटते. सध्या तरी दोन्हीकडे थोडे थोडे लिहीत राहणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

प्रतिसाद (पुणेकर_अभियंता):

दोघांचेही आभार. नोकरी सोडण्यापूर्वी हे काम आपल्याला झेपेल की नाही, हे पाहण्याचा काही मार्ग आहे का?

उत्तर ३ (विभागातील_मॅडम):

आहे. अनेक महाविद्यालये तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, शिक्षक नेमतात. आपल्या कंपनीची लेखी परवानगी घेऊन एका सत्रात एक विषय आणि त्याच्या प्रॅक्टिकलची एकच बॅच घ्यावी. शनिवारी तास ठेवण्याची विनंती विभागप्रमुख बहुतेक वेळा मान्य करतात. तासाचे मानधन अल्प असते आणि ते उशिरा मिळते, हे आधीच सांगते. व्याख्यानाच्या तयारीला पहिल्या सत्रात तासामागे तीन-चार तास लागतील. प्रॅक्टिकलच्या वेळी मात्र टेबलाशी बसून जर्नलवर सह्या करत राहू नये. मुलांच्या मागे उभे राहून त्यांच्या पडद्यावर काय चुकते ते पाहावे आणि ज्या चुकीचे कारण आपल्यालाही सांगता आले नाही, ती त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावी. मार्गदर्शक शोधायला जाल, तेव्हा ती वही सोबत न्या.