'क्रॅक' आयरिश म्हणायचा की नाही?

शब्दवेडी:
आयर्लंडमधल्या पबांच्या पाट्यांवर 'क्रॅक' हा शब्द 'सी-आर-ए-आय-सी' असा लिहिलेला दिसतो. गप्पा, गाणी, हशा, रंगलेली बैठक, सगळं त्यात आलं. पर्यटकांना मात्र तो प्राचीन गेलिक, म्हणजे मूळ आयरिश भाषेतला, म्हणून सांगतात, याचा मला राग येतो. मूळ शब्द उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या बोलींतला, शेवटी 'सी-के' असलेला. अर्थ गप्पा, खबरबात. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या १८व्या शतकातल्या कवितेत तो याच अर्थानं येतो. तिथून तो आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात आला आणि आयरिश हिज्जे त्याला विसाव्या शतकात मिळाले. कोशकार डिअरमिड ओ मुरिहे यांनी या हिज्ज्यांवर जाहीर टीका केली होती. मला ती पटते.

पश्चिमवारा:
उगम मान्य, निष्कर्ष अजिबात नाही. हे हिज्जे पबवाल्यांनी काढलेले नाहीत. आयरिश लेखनात ते निदान १९६८पासून आहेत, आणि घरोघरी पोचवले शॉन बान ब्रॅनाख यांनी. १९७६ ते १९८२ त्यांचा आयरिश भाषेतला गप्पांचा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर चालायचा, 'संगीत, गप्पा आणि क्रॅक' हे त्यांचं पालुपद.
त्याहून मोठा पुरावा व्याकरणाचा. आयरिशमध्ये हा शब्द स्त्रीलिंगी झालाय. 'अन' हे उपपद (इंग्रजीतल्या 'द'सारखं) लागलं की पहिला 'क' घशातल्या 'ख'कडे सरकतो: 'अन ख्रॅक'. शेवटचा 'क'ही तालव्य होतो, म्हणजे जीभ टाळूकडे नेऊन उच्चारतात; हिज्ज्यातला 'आय' तेच दाखवतो. 'काय विशेष?' विचारायला 'केन ख्रॅक?' म्हणतात. भाषेनं शब्द एवढा पचवल्यावर त्याला उपरा कसा म्हणायचं? बटाटा पोर्तुगीजांकडून आला म्हणून तो मराठी नाही असं कोणी म्हणतं का?

शब्दवेडी:
आयरिश वाक्यात तो आयरिशच, हे मी मानते. पण इंग्रजी वाक्यात तो लिंगभेद, तो 'ख' कुठे असतो? बेलफास्टमध्ये प्रोटेस्टंट आणि कॅथलिक दोघांच्याही तोंडी हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहे. गेलिक हिज्ज्यांनी तो एकाच, कॅथलिक बाजूचा वाटू लागतो. सामायिक वारसा असा वाटून टाकू नये.

ओसरी:
अभिमानच बाळगायचा तर खात्रीचे शब्द आहेत की. व्हिस्की 'इश्के बॅहा'मधून, म्हणजे जीवनाचं पाणी. इंग्रजीतला 'गलोर' 'गो लोर'मधून, म्हणजे पुरेसं, भरपूर. 'टोरी'सुद्धा मूळ आयरिश: सतराव्या शतकात जमिनी गेलेल्या, रानात दडून लुटालूट करणाऱ्या आयरिश बंडखोरांना तसं म्हणत. त्याच शतकाच्या अखेरीला ते नाव इंग्लंडमधल्या राजकीय पक्षाला शिवी म्हणून चिकटलं. यावर कोणी बोलतच नाही!

पश्चिमवारा:
शब्दवेडी, बेलफास्टचा मुद्दा बिनतोड आहे. तिथल्या इंग्रजीत 'सी-के'च लिहावं. पण गॉलवे, डनीगॉलच्या आयरिशभाषक गावांतल्या पाटीवर? पारंपरिक आयरिश वर्णमालेत 'के' हे अक्षरच नाही. तिथल्या माणसानं आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द दुसरा कसा लिहावा, ते सांगा.